खालचे पुढचे चार

भरड नाक्यावर, सायकलच्या दुकानावर माझा दवाखाना.
कपाटात चपलांच्या खोक्यांतून
प्लास्टरचे जबडे ठेवलेत, नाव-तारीख घालून,
सोळा वर्षांचे. मालवणची हवा खारी, दमट;
काहींच्या दाढांवर बुरशीची साय धरलीय.

हर्षाली तारी, वय अकरा :
दात असे, जशा बाजार उठताना बायका उठतात,
एकीचा खांदा दुसरीच्या पुढे.
हर्षाली तारी, वय साडेतेरा : एक ओळ.
त्या दिवशी तारा काढून मी आरसा दिला
आणि म्हटलं, "झालं."

हा शब्द मी तेव्हा फार सहज वापरायचे.

प्लेट दिली होती, रात्रीची. निळी, तिने मागितलेला रंग.
ती दीड वर्ष टिकली.
मग कुणाच्या तरी बारशाला जेवताना
कागदी रुमालात गुंडाळली
आणि पत्रावळींबरोबर गेली.
घरी कुणी ओरडलं नाही. दात तर सरळच होते.

आज ती एकोणीसची. तोंड उघडते, मी दिवा खाली ओढते.
खालचे पुढचे चार
पुन्हा दाटीवाटीने उभे, डावीकडचा मागे सरकलेला.
अकराव्या वर्षी होता तिथे नाही,
पण त्याच वाटेवर.

मी समजावते : हिरडीतले धागे ताणलेले असतात,
जुनी जागा लवकर विसरत नाहीत.
आणि जबडा, बाय, तो तुझा वाढतच होता
मी बिल फाडल्यानंतरही.
ज्यांनी तारा लावल्याच नाहीत कधी
त्यांचेही सरकतात.
हे शेवटचं मी तेव्हा सांगितलं होतं का?
कार्डावर नोंद नाही.

दाराशी तिचे बाबा, रवळू तारी,
दांडीला होड्या बांधतात. कानामागे पेन्सिल तशीच.
"डॉक्टरीणबाय, फळी जाळार धरून वाकवची
ता काय कठीण नाय.
सोडलास काय ती परत जाता.
तिका धरून ठेवूक व्हयी."
किती दिवस, मी विचारते.
ते हसतात. त्यांच्याही खालच्या ओळीत
डावा दात मागे, अगदी तोच.
"होडी आसा तवसर."

मागून एक बारीक तार चिकटवू, मी म्हणते, कायमची.
आणि कायमची म्हणून जराशी अडखळते.
माझ्याही उशाशी एक डबी आहे,
सेहेचाळिसाव्या वर्षी. दोन रात्री विसरले
तर तिसऱ्या रात्री प्लेट बसवताना
डोळ्यांत पाणी येतं.

हर्षाली आरशात बघते.
त्या चौघांवरून जीभ फिरवते, सावकाश,
अंधारात भिंत चाचपावी तशी.
"बाबांसारखो दिसता," म्हणते. "रवांदे."
मग जिन्यावरून, वळून :
"इचार करतंय."

जाताना रवळूंनी तिचा साडेतेराचा जबडा मागून नेला.
"हयसर ठेवून तुमका काय?"

पुढच्या आठवड्यात दांडीवरून येताना पाहिलं :
त्यांच्या मांडवात, वरच्या फळीवर,
होड्यांच्या लाकडी फर्म्यांच्या रांगेत तो बसलाय,
दातांवर भुसा.
खाली अर्धी होडी. नवी फळी कडेला आवळून धरलेली,
विझलेल्या जाळाची राख बाजूला.
शिकंजे अजून काढले नव्हते.