सोड म्हणणारा

सकाळी नवापर्यंत माझे हात माझे नसतात.
दुधाची पिशवी दातानं फोडते.
ब्लाउजची वरची दोन बटणं सून लावते,
न बोलता, खिडकीबाहेर बघत.

बत्तीस वर्षं या बोटांनी चपलांच्या वेण्या घातल्या,
सुभाषनगरच्या याच खोलीत, याच पाटावर.
सात पदरी, नऊ पदरी,
एकदा कुणा पैलवानाच्या लग्नाला तेरा पदरी,
चामडं इतकं बारीक कातलेलं
की वाऱ्यानं हलायचं.
आता आरी उचलली की सांधा म्हणतो, नको.

सीपीआरच्या चौगुलेबाईंनी कागदावर गोल काढले.
म्हणाल्या, हे तुमचं सैन्य, तेच तुमच्यावर उलटलंय.
मी म्हटलं, बाई, सैन्य कशाला?
कोल्हापुरात राहता, तालीम म्हणा.
त्या हसल्या. मग खुर्ची पुढं ओढून
नीट सांगायला लागल्या.

छातीच्या हाडामागं एक छोटी तालीम असते म्हणे.
लहानपणी गजबजलेली, वयाबरोबर ओस पडत जाणारी.
कोवळ्या पेशींना तिथं पहिला धडा हाच:
घरचा कोण, परका कोण.
जी घरच्यालाच धरते, तिला तिथंच संपवतात.
तरी काही निसटतात
आणि रक्तातून हिंडत राहतात,
पट काढायला कुणी गावतंय का बघत.
म्हणून, बाई म्हणाल्या, पेशींची आणखी एक जात असते
(जात म्हटल्यावर मी जरा सावरून बसले),
ती लढत नाही.
लढणाऱ्यांना थांबवते.

तेव्हा मला हिंदुराव आठवले.

आमच्या बोळाच्या तोंडाला तालीम होती.
आम्ही आत कधी गेलो नाही,
वहाणा द्यायला उंबऱ्यापर्यंत, बास.
तिथून दिसायचे. आखाड्याच्या कडेला बसलेले,
कान चुरगाळलेले, एक डोळा अधू.
गदा नाही, फेटा नाही, भिंतीवर फोटो नाही.
सराव चढला, घिस्सा जास्तीच बसला,
खालच्या पोराचा श्वास घशात अडकला,
की उठून वरच्याच्या पाठीवर दोन बोटं टेकवायचे.
सोड.
आवाज चढवायचे नाहीत.
आणि रेड्याएवढा गडी हात सैल करायचा.

ते गेले त्या वर्षी दोन पोरांचे खांदे निखळले.
मग तर कुणी कुणाला सोडेनाच.

माझ्यातले हिंदुराव कुठं गेले, बाई?
आहेत की, त्या म्हणाल्या. पण ऐकतंय कोण.
सुजेच्या गोंगाटात हाक पोचत नाही.
आणि कधीकधी तर तेच बिथरतात,
लंगोट कसून मारणाऱ्यांत उतरतात.

हे ऐकून मला वाईट वाटलं,
बोटांपेक्षा त्यांच्याबद्दल जास्त.

गोळी सोमवारी. आठवड्याला एकदाच,
रोज घ्यायची नाही, लाल शाईनं लिहिलंय.
ती पाठीवर बोटं टेकवत नाही,
अख्ख्या आखाड्यावर पाणी ओतते.
दोषी भिजतात, बिनदोषी भिजतात.
पण नवाचे साडेआठ झालेत,
खोटं कशाला बोलू.

हिंदुराव वाढवायचं औषध नाही का?
शोध चाललाय, म्हणाल्या. काचेच्या भांड्यांत,
कुठंकुठं माणसांवरसुद्धा.
आपल्या दारात अजून नाही.
पुढचा नंबर पुकारला तशी मी उठले,
टेबलाला धरून.

संध्याकाळी सून पाटावर बसते.
तिला वेणी येते, पण ती ओढते फार.
नवी बायको आणि नवं चामडं, दोन्ही ताणलेली.
ओढलेली वेणी दिसायला झकास,
आणि पहिल्याच उन्हाळ्यात तडकते.
मी मागं जाऊन
वाकडी दोन बोटं तिच्या पाठीवर टेकवते.

काय, आत्या?
काही नाही. जरा सैल.

ती मान हलवते.
ऐकलं की नुसतीच हलवली, कळत नाही.
पुढचा पदर तिनं वर घेतलाय.
मी उभी राहून
तिच्या मुठीकडं बघते.