सहा गाणी, साडेआठ मिनिटं

कॅसेटवर बॉलपेननं लिहिलंय 'भारनियमन, डेमो'
आणि त्याखाली, खोडूनही वाचता येतं,
'गेट मीटिंग, सातपूर'.
प्रज्योतच्या वडलांची कॅसेट.
आम्ही वरच्या दोन भोकांत कागदाचे बोळे कोंबले
आणि त्यांच्या संपावर आमची गाणी चढवली.

अंबडला इर्शादच्या मामूचं प्रेस शॉप,
शनिवारी बंद.
वॉशर पाडायची तीन मशिनं गोणपाटाखाली झोपलेली,
जमिनीवर चपलेत रुतणारा लोखंडाचा चुरा,
हवेत कटिंग ऑइलचा तो वास
जो इर्शादच्या डब्यातल्या चपातीलाही यायचा.
त्याचे ड्रम म्हणजे दोन खरे, एक तेलाचा डबा
आणि झांजेच्या जागी प्रेसमधून वाकडी निघालेली चकती,
मामूनं रिजेक्ट केलेली.
रेकॉर्डिंगमध्ये रिजेक्ट मालच सगळ्यात पुढे ऐकू येतो.

पहिलं गाणं अठ्ठावन्न सेकंदांचं.
'दहावीला किती?' एवढीच ओळ, बावीस वेळा.
मी बेस वाजवत होतो असं मला आठवतं,
कॅसेटला आठवत नाही.
दुसऱ्यात प्रज्योत एक कडवं आधीच घुसतो,
त्याला ते कळतं,
आणि तो थांबत नाही, आणखी जोरात चुकतो.
आम्हाला नीट येणारी ती एकच गोष्ट होती.

तिसऱ्याला वीज गेली.

पेपरात अडीचची वेळ होती, गेली दोन दहाला.
स्वतःचंच नाव अंगावर येऊन आदळावं तसं.
अँप मेला, माइक मेला,
पण टेपरेकॉर्डर सेलवर होता,
म्हणून पुढचं सगळं आहे:
केतकीची गिटार मधेच गळते,
मागे उरते तारांची नुसती खरखर,
नखानं पत्रा खाजवावा तेवढी.
इर्शाद थांबत नाही. त्याला कुठे वीज लागते!
बंद शटरच्या अंधारात तो डबा बडवत राहतो
आणि प्रज्योत माइक फेकून,
खण्ण, तेही आहे,
उघड्या गळ्यानं ओरडतो
शटरपर्यंत, आणि शटरवरून परत.
लांब कुणाचा तरी जनरेटर सुरू होतो.
त्याचा ठेकाही जवळपास बसतो.

नंतर वीज असतानाही ते गाणं आम्ही तिथंच तोडायचो.
कॉलेज रोडच्या एका हॉलमध्ये, पस्तीस माणसांसमोर,
केतकीनं पायानं स्वतःची वायर उपटली
तेव्हा वॉचमन फ्यूज बघायला धावला.
आम्ही वाजवत राहिलो,
तो परत येईपर्यंत गाणं संपलं होतं
आणि त्याला वाटलं, दुरुस्त झालं.

चौथं आणि पाचवं सोडून देतो.
सहाव्याला नावच नाही.

प्रज्योतच्या वडलांनी ऐकलं होतं एकदा,
सेकंड शिफ्टला निघताना, बूट घालता घालता.
म्हणाले, शब्द काही कळत नाहीत रे,
मागणी काय आहे?
आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो.
त्यांनी लेस बांधली. म्हणाले, ठरवा.

इर्शाद आता तेच शॉप चालवतो.
फोन उचलला की आधी प्रेस ऐकू येते,
मी चार ठोके मोजतो, मग बोलतो.
मागच्या महिन्यात त्याला ही कॅसेट लावून दाखवली.
तो म्हणाला, डबा तेलाचा नव्हता, ग्रीसचा होता,
बाकी सगळं बरोबर आहे.

सहाव्यानंतर टेप थोडी फिरते,
आणि जिथं आमचं पुसणं संपतं
तिथून अचानक एक घोगरा आवाज फुटतो:
'...चहाची सुट्टी सात मिनिटांची,
त्यातली तीन रांगेत जातात, मग राहिली किती?'
दर वेळी मी फसतो.
वाटतं, सातवं सुरू झालं.