पितळी कडं

फाल नदी समुद्राला मिळते, तिथं कालवं काढायला
इंजिन चालत नाही. शीड, नाहीतर वल्हं.
ऑक्टोबर ते मार्च, बोटं सुन्न पडेपर्यंत.
हेडली ट्रेगेंझाच्या होडीमागे
लोखंडी चौकटीची जाळी तळ खरवडत येते.
जाळीला तो म्हणतो ड्रेज,
खरवडण्यालाही ड्रेज.

घरी टॅमसिन पत्र्याच्या भोकाभोकांच्या डबीतून
बांगड्यावर पीठ भुरभुरते.
तेही ड्रेज.
एकात तळचं वर येतं, एकात वरचं खाली;
शब्दाला त्याचं काहीच वाटत नाही.
मला मात्र एवढ्यात तीन क्रियापदं लागली,
आणि उपसणं अजून शिल्लकच आहे.

बुधवारी चॅपलच्या हॉलमध्ये सभा.
कंपनीचा तरुण इंजिनिअर नकाशावर काठी फिरवत म्हणाला,
ड्रेज करू, खाडी खोल होईल,
मोठी जहाजं आत येतील, पर्यटक येतील.
हेडली उठला. "कुठलं ड्रेज?"
मागच्या बाकावरची पोरं हसली.
तो गंमत करत नव्हता.
"खाली खाणींचा सोमल निजलाय,
माझ्या खापरपणज्याच्या वेळेपासून.
माझी जाळी त्याच्या अंगावरून नुसता हात फिरवते.
तुम्ही पांघरूण ओढाल."
इंजिनिअरनं वहीत काहीतरी लिहिलं.
नंतर चहा झाला, सोबत कडक बिस्किटं.

रात्री जेवताना टॅमसिन एकदम म्हणाली,
"आईचं शिवणाचं मशीन विकलंस तू.
शीड घ्यायला. मला न विचारता."
छत्तीस वर्षं झाली होती.
बांगडा अर्धा संपला होता.
त्याचा काटा हवेतच राहिला.

मग उठून त्यानं कोटाच्या खिशातलं
पितळी कडं आणलं, टेबलावर ठेवलं.
जे कालव यातून आरपार जातं ते लहान,
ते परत पाण्यात टाकायचं, असा कायदा.
बहुधा त्याला म्हणायचं होतं, सोडून दे.
किंवा माफ कर. त्याला नीट बोलता येत नाही.

तिनं पिठाच्या हातानंच कडं उचललं,
डोळ्याला लावून त्यातून त्याच्याकडे पाहिलं,
बराच वेळ.
"नाही जात," ती म्हणाली. "मोठं झालंय हे."

"मग उघडायला हवं," तो म्हणाला,
आणि कालवं फोडायच्या आखूड सुरीसाठी
ड्रॉवर उपसू लागला.