नऊशे मीटर

खरेदीखतात नऊशे मीटर लिहिलेत.
मी पावलांनी मोजले, सहाशेच भरले.
त्यापुढचं पाऊल
बुटासकट गुडघ्यापर्यंत आत गेलं.

कुठंतरी पाणी मुरतंय, मी एदेलमिराला म्हणालो.
ती लाकडी भिंतीला नाक लावून उभी,
ओल हुंगत होती,
बेकरीत आंबवलेलं पीठ हुंगते तशी.

दोन वर्षं झाली वाल्दिव्हियात घरं बघतोय,
जिथं वाळत घातलेला मोजा
तिसऱ्या दिवशीही ओलाच निघतो.
एक पाहिलं, त्याच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसायची.
एक टेकडीवरचं,
ते सान्तियागोच्या एका दातांच्या डॉक्टरने
आम्ही चहा संपवेपर्यंत उचललं. रोख.
एक मासळीबाजाराला लागून:
दारात समुद्रसिंह आडवा पडलेला, घोरत.
"हा भाडं भरतो का?"
एदेलमिराने दलालाला विचारलं.

आणि मग हे, एर्सिलिया ओट बाईंचं.
पत्र्याचं छप्पर. पाचर मारल्याशिवाय न मिटणारं दार.
लोखंडी चूल, जी त्या आधी देणार नव्हत्या,
मग म्हणाल्या, न्या, लेकीकडे गॅस आहे.

पाण्याचं विचारलं
तर त्यांनी लव्हाळ्याच्या पलीकडे बोट केलं.
काळ्या मानेचे हंस तिथं
डोकी बुडवून चरत होते.
"तिथं आमच्या कुरणाचं फाटक.
साठ साली मे महिन्यात जमीन हादरली ना,
तिसऱ्या दिवशी दादा गाई शोधायला गेला,
तर कुरणात नदी.
लोक म्हणतात पाणी वर आलं.
पाणी कसलं येतंय? आपण खाली गेलो."
जरा थांबून: "घरपट्टी मात्र नऊशेचीच भरली, कायम.
बाबा म्हणायचे, येईल वर."

बँकेचा पोरगा तेमुकोहून आला.
कोरे गमबूट, हातात लाल ठिपक्याचं यंत्र.
ठिपका भिंतीवर टेकला, कुंपणावर टेकला,
पाण्यावर काही टेकेना.
त्याने लिहिलं: सहाशे. बाकीचं, शून्य.
"तेवढे पैसे पाण्यात समजा," म्हणाला,
आणि आपण काय बोललो
हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मी बोटींच्या कारखान्यात वेल्डर.
सव्वीस वर्षं पाण्याला बाहेर ठेवण्याचा पगार घेतोय.
आता तेच पाणी
वीस वर्षांच्या हप्त्याने घ्यायचं?
रात्री मी हिशेब केला, पुन्हा केला.
एदेलमिरा कूस बदलून म्हणाली,
त्या भिंतीला ओल नाही. मी बघितलंय.

नोटरी म्हणाला, दुरुस्ती करता येईल.
नऊशेचे सहाशे. दोन महिने लागतील, फी वेगळी.
ओट बाई हातमोज्याची बोटं
एकेक करून ओढत होत्या, बोलत नव्हत्या.
"राहू द्या," एदेलमिरा म्हणाली. "लिहिलंय तसंच."
मी तिच्याकडे पाहिलं.
तिने पेन माझ्यापुढे सरकवलं.

जूनभर चूल धुमसत राहिली,
लाकूड ओलं दिलं होतं, शिव्या कुणाला द्यायच्या?
छप्पर दोन जागी गळलं. एक मी बुजवलं.
दुसऱ्याखाली अजून बादली आहे.
घरपट्टी आली. नऊशेची.
भरली.

फेब्रुवारीत, उन्हाळ्यातल्या मोठ्या ओहोटीला,
चिखलातून दोन खांब वर आले.
मी साल्दिव्हारची होडी मागून घेतली आणि गेलो.
हंस जरा सरकले, फार नाही.
एका खांबाला बिजागरी होती, शेवाळाने फुगलेली.
खरवडली.
गंज आतपर्यंत गेलेला, पण ठोकलेली सरळ,
एका रेषेत, घाई न करता.
कुणीतरी नीट काम केलं होतं.

एदेलमिराला अजून सांगितलेलं नाही
की मी खांबांमधलं अंतर मोजलं.
दोन गाई शेजारी शेजारी जातील एवढं.