सहा वर्षांचं मूळ

गुमसानच्या उतारावर काळ्या छपरांखाली
सहा वर्षं सावली पीत बसतं जिनसेंग.
ओक-बुन शेवटची माती बोटांनीच उकरते;
एक तंतू तुटला तरी भाव पडतो.

लेक देजॉनला, प्रयोगशाळेत.
काल फोनवर सांगत होती:
पेशी श्वास घेतात ना, आई,
त्या श्वासाचाच गंज चढतो त्यांना.
मी तो गंज मुद्दाम सोडला बशीत.
अर्ध्यांना आधी तुझ्या मुळाचा अर्क दिला होता.
त्या कमी मेल्या.

"किती कमी?"
"बऱ्याच. पण बशीतल्या.
माणसाचं अजून सांगता येत नाही."

दाराशी टांगलेला विळा तांबूस झालाय.
तेल लावायचं राहूनच गेलं.

चांगली मुळं पेटीत, शेवाळावर निजवलेली,
सोलच्या गाडीची वाट बघत.
तिच्या वाट्याला तुटके तुकडेच,
तेही कोंबडीच्या रश्श्यात, ऐन उन्हाळ्यात.

आज मात्र तिनं एक अख्खं उचललं,
दोन पायांचं, जरा फेंगडं.
धुतलं.
शेगडीपाशी बराच वेळ उभी राहिली.

मग पुसून पुन्हा पेटीत ठेवलं
आणि तेलाची बाटली शोधू लागली.