साल

पोर्तोच्या चढावरच्या दुकानात
देओलिंदाबाईंनी काउंटरवर मखमल पसरली,
तिच्यावर दोन युरोचं नाणं ठेवलं
आणि नखानं त्याची साल काढली.
दिसायला खणखणीत, आत नुसता वारा.
तेल्मोचा पहिला पगार तिथेच अर्धा झाला.

‘महिनाभर ही खिशातच राहू दे,’ बाई म्हणाल्या,
‘तोवर साधं नाणं तळव्यात दाबून
कुलूप उघड, कॉफी ढवळ, दाढी कर.
नाणं आहे हे हातानं विसरायला हवं.’

ऐकतो कोण!
तिसऱ्याच दिवशी, घाईत, पावाच्या दुकानात
ग्रासिएतनं न बघता ती साल गल्ल्यात टाकली.

तेव्हापासून तो रोज नोट मोडतो.
रोज एक पाव, रोज मूठभर सुटे;
दारातच एकेक नाणं अंगठ्यानं चाचपतो,
कड, वजन, गारवा.
घरात शिळ्या पावांचा ढीग,
आई विचारायची थकली.

साल अजून मिळालेली नाही.
पण काल सुटे परत मोजायला म्हणून
त्यानं पंजा काउंटरवर उपडा केला,
आणि ग्रासिएत म्हणाली,
‘अगं बाई, एक कमी दिलं वाटतं,’
आणि गल्ला पुन्हा उघडला.