पिवळी चिठ्ठी

खोका आला, तो सरळ जेवणाच्या टेबलावरच उघडला.
फोममध्ये तिच्या आकाराचा खड्डा, खड्ड्यात ती,
निळसर काळी, तेलाच्या वासाची, कोरी.
सोबत पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा:
कारखान्यात झाडलेल्या पाच छऱ्यांचं मिळून एकच भोक
आणि खाली सही. दोन अक्षरं, घाईतली.

कौमुदी भोकाकडे बघत राहिली.
मी सहीकडे.
एकतीस वर्षं भांडुपच्या शेडमध्ये
अशाच सह्या करत आलोय.

पहिल्या आठवड्यात चार छर्रे दहात,
पाचवा खाली डावीकडे, घड्याळातल्या सातला.
म्हणाली, श्वास चुकला.
मग बूट बदलले.
मग चहा सोडला, भावाशी बोलणं सोडलं,
पहाटे भिंतीला पाठ लावून उभी राहायला लागली,
आणि पाचवा तिथंच,
पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूसारखा.

वरळीच्या रेंजवर दस्तूरबाईंनी चष्मा कपाळावर सारला.
"दीकरी, तुझा हात बरोबर हाय.
माणूस काढ मधून. व्हाइसमध्ये लाव."
लावली. दहा छर्रे, एक भोक.
पुन्हा दहा. आठ भोकात, दोन सातला.
छऱ्यांची डबी बदलली, सगळे आत.
तीच डबी दुसऱ्या दिवशी, एक बाहेर.
आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर
पुठ्ठ्यावर सातला बारीकसं फाटलेलं.

फोर्टातला दुकानदार म्हणाला,
साहेब, तिकडून नापास माल येतच नाही.
म्हटलं, माल सगळीकडून येतो.
शनिवारी दुपारी तर हमखास.

रात्री घर झोपल्यावर
कापसाची एक तार ओढून काढली
आणि नळीच्या तोंडावरून गोल फिरवली.
जुनी युक्ती आहे. बोटाला न कळणारी कड
कापसाला कळते.
एका जागी अडकली.
किंवा माझा हात हलला असेल.
पुन्हा फिरवली, नाही अडकली.
पुन्हा. अडकली.

माळ्यावरच्या पेटीत माझा रीमर आहे, बारीक पॉलिशपेपर आहे.
अर्ध्या तासाचं काम.
पण हात लावला की गॅरंटी गेली,
आणि माझ्या ग्रॅच्युइटीतला मोठा तुकडा
त्या गॅरंटीच्या कागदात गुंडाळलेला.
पेटी उघडली. बंद केली.

एक गोष्ट घरी कधी सांगितली नाही.
मार्चअखेर होती, गेटवर लॉरी उभी,
चारशे बुशांचा लॉट. एकात गेज जरा अडला.
जरासाच. मी अंगठ्यानं रेटला
आणि सही केली. दोन अक्षरं.
ते बुश कुठल्या पंपात गेलं, कुठल्या लिफ्टमध्ये,
देव जाणे.
कुणीतरी त्याच्यापाशी बसून
महिनोन्‌महिने म्हणत असेल, माझंच काही चुकतंय.

कंपनीला पत्र लिहिलं. "दोष" लिहून खोडलं,
"संशय" लिहिलं, तारखा दिल्या, पुठ्ठे जोडले.
पेटीच्या तळाला कामावरच्या चिठ्ठ्या निघाल्या, दोरासकट.
त्यातली पिवळी ट्रिगरच्या कडीला बांधली.

"हिरवी म्हणजे पास?" कौमुदीनं विचारलं.
हो.
"लाल म्हणजे भंगार?"
हो.
"आणि ही?"
ही म्हणजे बाजूला ठेवा. तपास चालू आहे.
तोवर कुणाला काही बोलायचं नाही.
मालाला नाही,
आणि स्वतःलाही नाही, हे ऐकलंस का?
तिनं खोक्याचं झाकण लावलं. ऐकलं असावं.

कुरिअरवाला फॉर्म भरून घेऊन गेला.
संध्याकाळी ती कॅनव्हासचं जाड जॅकेट चढवून
पॅसेजमध्ये उभी, डावं कोपर कमरेवर,
हात रिकामे, नेम मीटरच्या पेटीवर.
आमटी निवत होती. मी हाक मारली.
"थांबा, बाबा," मान न हलवता म्हणाली,
"पाचवा बाकी आहे."